परभणीच्या थंडीत गाडी कशी तापवायची ते शिकवणारं मामूंचं गॅरेज

जिंतूर रोडला मामूंचं गॅरेज आहे, बोर्ड बिर्ड काही नाही, दोन पत्र्याचे शेड अन् समोर लिंबाचं झाड. मागच्या महिन्यात तिथं आमची जीप दाखवली अन् तवापासून मी ज्याला त्याला तेच सांगत सुटलोय, म्हणून आता एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी त्रास काय होता ते सांगतो. आमचं गाव दुधनेच्या काठाला, मेथी-कोथिंबीर घेऊन पहाटे साडेचारला परभणीच्या मार्केटला निघावं लागतं. परभणीची थंडी काय असती ते इथल्या माणसाला सांगायला नको, 2018 च्या डिसेंबरात तर कृषी विद्यापीठात पारा 3 च्या बी खाली गेलता, अन् नदीकाठाला त्याहून जास्त झोंबतं. गाडी 2011 ची डिझेल जीप, चार सिलिंडर. सकाळी चावी फिरवली की घर्र घर्र करत बसायची, पाच-सहा सेल्फ मारल्यावर सुरू व्हायची ते बी थरथरत अन् मागं पांढरा धूर, सगळं अंगण भरून जायचं. मग मी पंधरा-वीस मिनिटं तशीच उभी चालू ठेवायचो, तापू दे म्हणलं. अन् एवढं करून निघालो की दुसरा गिअर पडायचाच नाही, जोर लावला की कर्र आवाज. चार-पाच किलोमीटर गेलं की आपोआप मऊ व्हायचा.

ह्याच्या आधी दुसऱ्या एका ठिकाणी दाखवली होती, नाव घेत नाही. त्यांनी इंजेक्टर खराब, क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागतोय असं सांगून पंचवीस हजाराचा आकडा काढला. पहाटेचा माल वाहून पोट भरणाऱ्या माणसाला पंचवीस हजार म्हंजे काय असतंय ते त्यालाच ठाऊक. एका दूधवाल्या मित्रानं मामूंकडं पाठवलं.

मामूंनी पहिल्या दिवशी गाडीला हातच लावला नाही. म्हणले रात्री इथंच सोड, सकाळी सहाला ये, गार असतानाच बघायला पाहिजे, दुपारी बघून काय कळणार. मला हीच गोष्ट लई पटली, कारण आधीच्या ठिकाणी सगळी तपासणी भर दुपारी बारा वाजता झालती.

सकाळी गेलो तर हे माणूस मफलर बांधून हजर. टेस्ट लॅम्प लावून हीटर प्लग एकेक तपासले, चारपैकी तीन मेलेले. डिझेलला पेट्रोलसारखा स्पार्क नसतो, हवा दाबून गरम होते अन् त्या उष्णतेनं डिझेल पेटतं, पण इंजिन गार असलं की ती उष्णता लोखंडच पिऊन टाकतं, म्हणून हा प्लग आतून गरम करून देतो. तो मेला की डिझेल अर्धवट जळतं अन् तोच पांढरा धूर. म्हंजे इंजेक्टरचा काही संबंधच नव्हता! मी म्हणलं थंडीनं डिझेल गोठत असंल का, तर म्हणले आपल्याकडं कुठलं गोठतंय, ते लडाखकडं, तिथं इंडियन ऑइलनं 2019 ला उणे 33 अंशापर्यंत टिकणारं वेगळं डिझेल काढलंय.

मग त्यांनी गाडी सुरू करून पंधरा मिनिटं उभी ठेवली, मी रोज ठेवायचो तशीच. नंतर बंद केली अन् मला खाली घातलं, म्हणले हात लाव. इंजिनचा चेंबर कोमट झालता, अन् गिअरबॉक्स? गारठाक. मागचा डिफरन्शियल, म्हंजे मागच्या चाकांच्या मधला गिअरचा गोळा, तर रात्रभर बाहेर ठेवलेल्या लोखंडासारखा. मामू म्हणले, "बेटा, उभ्या गाडीत इंजिन थोडंफार तापतंय, गिअरबॉक्स नाही तापत. त्याच्यावर लोड आला, दात एकमेकावर चालले, की तवा ऑइल तापतंय. तू वीस मिनिटं नुसतं डिझेल जाळतोस." नंतर पाच-सहा किलोमीटर हळू चालवून आणली अन् परत हात लावायला लावला, गिअरबॉक्सला छान ऊब आलेली. इतकी वर्षं गाडी चालवतोय पण ही गोष्ट मला कुणी अशी हाताला दाखवली नव्हती.

दुसऱ्या गिअरचं कारण पण तेच निघालं. आत सिंक्रोची पितळी रिंग असती, ती घासून गिअर अन् शाफ्ट दोन्हीचा वेग एक करती, पण ऑइल घट्ट असलं की मधला ऑइलचा थर लवकर हटत नाही, रिंगला पकड मिळत नाही. अन् आमच्या गिअरबॉक्समधी कुणीतरी ट्रॅक्टरच्या डब्यातलं 90 नंबरचं ओतून ठेवलेलं. मामूंनी गाडीचं पुस्तक मागितलं, त्यात 75डब्ल्यूवालं लिहिलेलं होतं, तेच भरलं. तो डब्ल्यू म्हंजे विंटर, त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं. क्लच प्लेट एकदम ठीक होती.

अन् सगळ्यात मोठी चोरी म्हणावी तर ही, थर्मोस्टॅट गायब! उन्हाळ्यात गाडी गरम होत होती तवा कुणीतरी काढून टाकलेला अन् मला सांगितलं बी नाही. आपल्याकडं ही सवयच पडलीय. थर्मोस्टॅट इंजिन गार असताना पाणी रेडिएटरकडं जाऊ देत नाही, साधारण 80 अंशाच्या पुढं उघडतो. तो नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, मग थंडीत इंजिन तापणार कसं? माझा टेंपरेचरचा काटा कधी अर्ध्यावर यायचाच नाही अन् मला वाटायचं गाडी किती कूल चाललीय.

बिल असं झालं, चार प्लग 2200, थर्मोस्टॅट 700, गिअर ऑइल 900, मजुरी 800, एकूण 4600. जुने प्लग अन् काढलेलं ऑइल डोळ्यासमोर दाखवलं.

आता तक्रारी पण लिहितो. संध्याकाळी देतो म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिली, पार्ट यायला उशीर झाला हे खरं पण एक फोन करायला पाहिजे होता, माझा एक दिवसाचा माल घरीच पडला. छापील बिल मिळत नाही, वहीतल्या कागदावर लिहून देतात. बसायला धड जागा नाही. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, नमाजला बंद असतं.

आता माझी सकाळ अशी असती. चावी अर्धी फिरवायची, स्प्रिंगसारखा पिवळा दिवा विझू द्यायचा, लई गारठा असला तर दोनदा. क्लच दाबूनच सेल्फ मारायचा म्हंजे घट्ट ऑइलमधले गिअर स्टार्टरला फिरवावे लागत नाहीत. सुरू झाली की रेस अजिबात नाही द्यायची, टर्बोपर्यंत, म्हंजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यापर्यंत, ऑइल पोचू द्यायचं, मिनिटभर थांबायचं अन् निघायचं. पहिले पाच किलोमीटर इंजिनचे फेरे (आरपीएम) 2000 च्या खालीच, अन् काटा वर आला तरी लगेच दामटायची नाही कारण पाणी आधी तापतं, ऑइल मागून. आमचे दादा बंबातलं गरम पाणी इंजिनवर ओतायचे ते मामूंनी बंद करायला लावलं, इंजिनचं गार बिडाचं लोखंड अचानक तडकू शकतं म्हणून. हवेच्या नळीत स्टार्टिंग स्प्रे मारून सुरू करणं बी नको, तापलेल्या प्लगवर तो भलत्या वेळी पेटतो.

येळवशीला (वेळ अमावास्येला) लातूरकडं पाहुण्यांच्या शेतात गेलतो, पहाटे चारला निघालो, पहिल्या सेल्फला सुरू झाली, धूर नाही, दुसरा गिअर बोटानं पडला. ॲव्हरेज बी लिटरला एकानं वाढलंय. मामूंनी मार्चमधी परत बोलावलंय रेडिएटर धुवायला, म्हणले उन्हाळ्यात काटा वर गेला तर माझ्याकडं आण, पण थर्मोस्टॅटला कुणाला हात लावू देऊ नको.