कास्टिंग म्हणून त्याने माझाच लाकडी पॅटर्न रंगवून दाखवला

14,450 रुपये गेले. चार वेळा, माझ्याच बोटाने पिन दाबून. आणि अकरा दिवस खपून केलेला सागवानी पॅटर्नही (वाळूत ज्याचा ठसा पाडून धातू ओततात तो लाकडी नमुना) त्याच माणसाकडे राहिला. घरात हे सांगायला मला तीन आठवडे लागले. जुन्या मशीनचा पार्ट ओतून, म्हणजे कास्टिंग करून, घ्यायच्या खटपटीत दुसरा कुणी असेल तर तो याच माणसाच्या हाती लागू नये, म्हणून सगळं लिहितोय.

आमची पिठाची गिरणी वडिलांच्या वेळची. श्रावणात तिच्या शाफ्टची एक बेअरिंग पेटी, म्हणजे बेअरिंग जिच्यात बसतं ती, तडकली. पेटी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. "वेल्डिंग का नाही केलं?" असं आता जो तो विचारतो. केलं होतं. निकेल रॉडने केलं, नवव्या दिवशी त्याच्याच शेजारून नवी भेग निघाली. लोखंडी प्लेटा जोडून पेटी करून पाहा, असंही सांगतात. तशी पेटी आमच्या शेजारगावच्या गिरणीत बसवली होती, शाफ्ट थरथरायला लागला आणि पीठ गरम यायला लागलं. बीड ते थरथरणं पिऊन टाकतं. म्हणून ओतकामच करायचं ठरवलं, आणि दुसऱ्या बाजूची पेटीही तेवढीच जुनी असल्यामुळे दोन नग.

पॅटर्न मी घरीच केला. मी आयटीआयचा टर्नर, लाकडावर हातही बसलेला. जुन्या घराच्या चौकटीचं सागवान माळ्यावर पडून होतं. पेटीचा तळ 280 मिमी. बीड थंड होताना मीटरमागे साधारण 10 मिमी आकसतं, म्हणून लाकडात 283 धरला. बेअरिंग 6310 नंबरचं, त्याचा बाहेरचा व्यास 110. बोअरिंगसाठी, म्हणजे भोक आतून कातून मापाला आणायला, दोन्ही अंगांना 3 मिमी सोडले की भोक 104 चं, आकस धरून कोअर, म्हणजे भोकाच्या जागी साच्यात ठेवायचा वाळूचा दंडगोल, 105 चा. पॅटर्नचे मधोमध दोन फाळके, खुंट्यांवर बसणारे. वाळूतून अलगद सुटावा म्हणून उभ्या बाजूंना उतार, म्हणजे ड्राफ्ट, आतल्या कोपऱ्यांना मेणाची गोलाई, वरून चपड्याचे तीन हात. आणि तो कोअर साच्यात बसायला जागा हवी म्हणून दोन्ही तोंडांना 25 मिमी उंच गोल टोप्या, म्हणजे कोअर प्रिंट. या टोप्या लक्षात ठेवा.

मग कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना फोन सुरू केले. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर. दोन नगांसाठी कुणी तयार होईना, आणि त्यात त्यांची चूक नाही. ज्यांच्याकडे हजारांनी नग निघतात ते आपल्या दोन पेट्यांसाठी लाइन कशी थांबवणार? एका भल्या माणसाने सांगितलंही, "महिनाभर थांबा, आमच्या हीटमध्ये (एका वेळच्या वितळवणीत) तुमचे दोन बसवतो." मी थांबलो नाही. दिवाळी तोंडावर होती. भाजणीची दळणं म्हणजे आमच्या वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा, आणि गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या गिरणीची वाट चालायला लागलं की परत येत नाही. घाई मला उगाच झाली नव्हती.

चौथ्या दिवशी त्या फसवणाऱ्याचा फोन आला. "तुम्ही जॉबिंग शोधताय असं कळलं. मी फाउंड्रीतलाच, सुट्टे नग बसवून देतो." नंबर त्याला कुणी दिला हे मी विचारलं नाही. शिरोली फाट्यावर चहाच्या टपरीवर भेटलो. "आत चला, भट्टी दाखवा," म्हणालो, तर म्हणे सेफ्टीमुळे बाहेरच्या माणसाला गेटवर अडवतात. इथेच उठायला हवं होतं. पण त्याने पॅटर्न हातात घेतला, फाळके उघडले, गोलाईवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ड्राफ्ट दीड अंश दिलाय का?" दीडच दिला होता. माझ्या घरात तो पॅटर्न कुणाला कळला नव्हता, याला एका नजरेत कळला. मला वाटलं, हा ओतकामातला माणूस आहे. तो खरोखर ओतकामातलाच असणार, म्हणून तर त्याला ही फसवणूक जमते.

14 सप्टेंबरला अॅडव्हान्स 3,500. पैसे पाठवताना स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आलं, तर "मिसेसचं खातं आहे" म्हणाला. 19 तारखेला "तुमचा कोअर बॉक्स (कोअर पाडायचा साचा) सैल आहे, नवा करावा लागेल", 2,800. माझा कोअर बॉक्स सैल नव्हता. मी स्वतः व्हर्नियरने मापला होता, आणि तरी दिले.

26 सप्टेंबरला संध्याकाळी फोटो आला. "साहेब, तुमचा पहिला नग. आता मशिनिंगला टाकू का?" करड्या रंगाची पेटी, खाली वाळू पसरलेली, शेजारी हातमोजा. मी तो फोटो बायकोला दाखवला, भावाला पाठवला. अर्ध्या तासात 4,200 पाठवले.

त्या फोटोत पेटीच्या दोन्ही तोंडांना गोल टोप्या होत्या.

कास्टिंगला कोअर प्रिंट कधीच येत नाही. ती टोपी वाळूत फक्त खळगा पाडते, त्या खळग्यात कोअर बसतो आणि कास्टिंगमध्ये तिथे आरपार भोक निघतं. हे आयटीआयच्या पोरालाही माहीत असतं. समोर दिसत होता तो माझाच पॅटर्न, करडा रंग मारून वाळूवर ठेवलेला. त्या टोप्या मी स्वतः लेथवर उतरवल्या होत्या. मी तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला, गोलाई किती स्वच्छ आलीय म्हणून खूश झालो. रोज रात्री मला तेवढंच आठवतं. पण पाच आठवडे गिरणी बंद असलेल्या माणसाला पेटी दिसली की पेटीच दिसते, हेही खरं आहे.

3 ऑक्टोबरला बाकी आणि ट्रान्सपोर्ट मिळून 3,950, मग बिल्टीचा फोटो. बिल्टीवर वजन 9 किलो. एक पेटी मी साडेअकरा किलोची धरली होती, दोन म्हणजे 23. तेव्हा डोक्यात पहिली कळ आली. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला गेलो, तर त्या नंबरची बिल्टी त्यांनी फाडलीच नव्हती. फोन बंद. त्याच्या कोटेशनवरचा जीएसटी नंबर तेव्हा मोजला, 14 अक्षरांचा निघाला. खरा 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की फर्मचं नाव फुकट दिसतं. पैसे देण्याआधी दोन मिनिटांचं काम होतं.

पुढचा त्रास तर या फसवणुकीपेक्षा मोठा. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार नोंदली, पोचपावतीचा नंबर आला, काही दिवसांनी कळलं की खात्यात शिल्लक नाही. तिथे पहिल्या तासांतच फोन करावा लागतो, मी तीन दिवस तो माणूस फोन उचलेल म्हणून वाट पाहिली. तुम्ही पाहू नका. बँकेत गेलो, तर "पिन तुम्हीच टाकलात ना?" एवढंच उत्तर. सायबरवाले म्हणाले, तुम्ही माणसाला भेटलात, वस्तू हातात दिलीत, ठाण्यात जा. ठाण्यात म्हणाले, व्यवहार कोल्हापूरला झाला, तिकडे जा. कोल्हापूरला एसटीने गेलो, दिवस मोडला, तिथे म्हणाले, पैसे तुमच्या गावातून गेलेत, तिकडेच द्या. गुन्हा कुठेही घडला तरी कोणत्याही ठाण्याने दखलपात्र तक्रार नोंदवून घ्यायची, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं. मी तो कागद छापून नेला होता. तो त्यांनी हातातही घेतला नाही. "दिवाणी बाब आहे, वकील करा." रंगवलेलं लाकूड कास्टिंग म्हणून दाखवून पैसे घेणं दिवाणी कसं? न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 मग कशासाठी आहे?

शेवटी आमच्या ठाण्यात नुसता अर्ज घेतला. हवालदारांनी विचारलं, "पॅटर्न म्हणजे काय?" मी सांगायला लागलो, उतार, आकस, टोप्या. ते म्हणाले, "थोडक्यात सांगा, लाकडाचा ठोकळा ना?" आणि लिहिलं, लाकडी ठोकळा एक, अंदाजे किंमत 500. मी त्याखाली सही केली. त्या सहीचा राग अजून गेला नाही. आता 173 च्याच उपकलम 4 प्रमाणे पोलीस अधीक्षकांना पोस्टाने अर्ज धाडलाय. तुमच्यावर वेळ आली तर पोचपावती जपून ठेवा. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, हेही खरं, पण समोरच्याचा पत्ता लागतो, आणि माझ्याकडे फक्त टपरीचा आहे.

पॅटर्न भट्टी पाहिल्याशिवाय हातातून सोडू नका. सोडायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, मी काढले नव्हते. पैशांची नवी मागणी आली की कास्टिंग वजनकाट्यावर ठेवून व्हिडिओ कॉल करायला सांगा. त्याच आकाराच्या सागाच्या लाकडाच्या सुमारे अकरापट बीड वजनाला भरतं, त्यातून टोप्या आणि भोकाचं वजा करा, फसवणारा हा हिशेब जुळवू शकत नाही. आणि अॅडव्हान्स द्यायचाच तर फर्मच्या नावाच्या खात्यात.

माझ्या पॅटर्नच्या तळाला, खालच्या फाळक्यावर, वडिलांच्या नावाचं "द" पटाशीने कोरलेलं आहे. रंगाखालीही ते हाताला लागेल. फाउंड्रीत काम करणाऱ्यांनी, सुट्टी कामं घेणाऱ्यांनी तेवढं पाहावं. तो माणूस माझा पॅटर्न दुसऱ्या कुणाला "तयार नग" म्हणून दाखवत असणार. तसा फोटो तुमच्या मोबाइलवर आला तर आधी पेटीची दोन्ही तोंडं बघा.