ओओटीपी, काही महिन्यांनंतर: मोठी दुखापत परवडली, पाच दिवसांची नको

‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ हे या कॉम्प्युटर गेमचं पूर्ण नाव. खेळणारे सगळे ओओटीपी म्हणतात. यात बॅट फिरवायची नसते, संघ चालवायचा असतो. ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल), ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड), करार यांबद्दल सगळेच लिहितात. मी लिहितोय मुरगळलेल्या घोट्यांबद्दल आणि धरलेल्या पाठींबद्दल, कारण गेले काही महिने मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमधला मिलवॉकी ब्रुअर्स संघ चालवताना माझं डोकं सगळ्यात जास्त त्यांनीच खाल्लंय.

पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या) कोपरावर टॉमी जॉन, म्हणजे फाटलेला अस्थिबंध बदलण्याची, शस्त्रक्रिया झाली की वाईट वाटतं, पण प्रश्न मिटतो. गडी वर्षभर गेला. त्याला ६० दिवसांच्या इंज्युअर्ड लिस्टवर (जखमींच्या यादीत) टाकायचं, ४० जणांच्या रोस्टरमधली, म्हणजे संघाच्या मोठ्या यादीतली, जागा सुटते, तिथे नवा माणूस आणायचा. ‘डे टू डे’ (रोज बघून ठरवू) असा शिक्का बसलेला खेळाडू मात्र धड बरा नाही, धड आजारी नाही. खेळवता येतो, पण पूर्वीच्या ताकदीनं नाही. बसवला तर रोस्टरमधली जागा अडवून बसतो.

ती जागा किती महाग आहे बघा. सक्रिय रोस्टर, म्हणजे सामन्यात खेळवता येणाऱ्यांची यादी, २६ जणांचं. पिचर जास्तीत जास्त १३ ठेवता येतात, आणि मी तेवढे ठेवतोच. उरले १३ फलंदाज. नऊ जण फलंदाजीला उतरणार, बाकावर चार. त्यातला एक राखीव कॅचर (बॅटच्या मागे बॉल झेलणारा), त्याला शेवटच्या इनिंगपर्यंत हात लावायचा नाही. म्हणजे हाताशी खरे तीन. एकाचा घोटा दुखतोय म्हटल्यावर दोन. त्याच आठवड्यात दुसऱ्याची पाठ धरली की पिंच हिटर (बदली फलंदाज) म्हणून पाठवायला एकच माणूस राहतो, आणि तो नेमका डावखुऱ्या पिचरपुढे चाचपडणारा असतो.

बरं, लिस्टवर टाकावं तर फलंदाज किमान १० दिवस बाहेर. दुखणं तीन दिवसांचं असेल तर अर्थातच टाकत नाही. आठ-नऊ दिवसांचं असेल तर डोळे मिटून टाकतो. मधल्या पाच-सहा दिवसांत गोची आहे. अशा वेळी मी आधी वेळापत्रक उघडतो. पुढच्या आठवड्यात दोन सुट्ट्या असतील तर पाच दिवसांच्या दुखण्यात तीनच सामने बुडतात, तेवढे सोसता येतात. सलग सामने असतील तर लिस्ट. प्रत्यक्ष मेजर लीगमध्ये लिस्टवर टाकण्याची तारीख तीन दिवसांपर्यंत मागे नेता येते, म्हणून तिथले संघ दोन दिवस थांबून अंदाज घेतात आणि मग निर्णय देतात. मीही तसंच करतो: तिसऱ्या दिवसापलीकडे घोळ घालायचा नाही.

या खेळातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दुखण्याचा परिणाम फटकेबाजी, थ्रो आणि धावणं या तिन्हींवर वेगवेगळा होतो. राइट फील्डरचा (मैदानाच्या उजव्या टोकाच्या क्षेत्ररक्षकाचा) खांदा थ्रोपुरताच कुरकुरत असेल तर त्याला घरी कशाला बसवायचं? डीएच, म्हणजे क्षेत्ररक्षण न करता फक्त बॅटिंग करणारा, करायचं. २०२२पासून नॅशनल लीगमध्येही (मेजर लीगच्या दोन भागांपैकी ब्रुअर्स ज्यात आहेत तो) डीएच आहे, त्यामुळे ब्रुअर्सवाल्यालाही ही सोय मिळते. म्हणूनच फक्त डीएच म्हणून खेळणारा महागडा फलंदाज मी घेत नाही. ती जागा म्हणजे माझा दवाखाना आहे.

कॅचरचं प्रकरण वेगळंच. पहिल्या कॅचरचा अंगठा सुजला की दुसरा रोज खेळणार, आणि त्यालाही काही झालं तर कुणीच नाही. नॅशव्हिलहून, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या ट्रिपल-ए पायरीवरच्या आपल्या संघातून, तिसरा बोलवायचा तर तो ४०च्या रोस्टरवर हवा. नसेल तर तिथल्या कुणाला तरी काढायचं, मग तो वेव्हर्सवर, म्हणजे इतर संघांना घेण्यासाठी खुला, जाणार आणि दुसरा संघ त्याला उचलणार. चार दिवसांच्या अंगठ्यापायी एक चांगला तरुण पिचर हातचा जातो! म्हणून तिसरा कॅचर कितीही सुमार असला तरी ४०मध्ये हवा, हे माझं ठाम मत.

पिचरच्या बाबतीत मी अजिबात जोखीम घेत नाही. त्यांची लिस्ट १५ दिवसांची, म्हणजे स्टार्टरच्या (सामना सुरू करणाऱ्या पिचरच्या) साधारण दोन-तीन पाळ्या. दुखणं आठवड्याचं असेल तर एक पाळी चुकवून भागतं, पण दुखऱ्या हातानं टाकायला लावायचं नाही. बेसबॉलचा इतिहासच तसा आहे. १९३४मध्ये ३० सामने जिंकणारा पिचर डिझी डीन. १९३७च्या ऑल-स्टार (निवडक खेळाडूंच्या) सामन्यात फलंदाज अर्ल अ‍ॅव्हेरिलचा फटका पायावर बसून त्याचं बोट मोडलं. पायाचं बोटच ते! पण तो लवकर परतला, पाय सांभाळण्याच्या नादात बॉल टाकण्याची लकब बदलली आणि खांदा कायमचा गेला. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. दुखणं अंगावर काढलं की काय होतं ते यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

खटकतं काय? पडदे आकड्यांनी गच्च भरलेले आहेत, नवा माणूस पहिल्या संध्याकाळीच दमतो. ट्रेनरच्या नेमणुकीवर मी चांगले पैसे घालतो, पण त्याच्यामुळे नेमकं कुणाचं दुखणं किती लवकर भरलं हे समोर दिसत नाही, विश्वासावर चालायचं. खेळाडू किती काटक आणि किती ठिसूळ हे मात्र त्याच्या पानावर लिहिलेलं असतं, आणि ठिसूळ खेळाडूला लांब करार द्यायचा मोह मी टाळतो, मग फटके कितीही देखणे असोत.

नव्यानं सुरू करणाऱ्यांनी पहिल्या मोसमात दुखापतींचं प्रमाण सेटिंगमध्ये कमी ठेवावं, किंवा लिस्टची कामं सरळ सहायकावर सोपवावीत. माझा सध्या सप्टेंबर चालू आहे, रोस्टर २८वर गेलंय. वाढलेल्या दोन जागांपैकी एक मी राखीव शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाला) दिली, कारण पहिल्याचं मनगट ऑगस्टपासून कुरकुरतंय.