माळ्यावरचे जुने संगीतसंच: दुरुस्ती, सुधारणा की नवी खरेदी?

नारायण पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासासाठी रिकामा करावा लागला, तेव्हा माळ्यावरून चार गोष्टी खाली उतरल्या: आजोबांनी घेतलेला व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा) रेडिओग्राम (एकाच पेटीतला रेडिओ व रेकॉर्ड प्लेयर), काकांनी मस्कतहून परतताना आणलेला जपानी ॲम्प्लिफायर व त्याचे दोन स्पीकर, एक कॅसेट डेक आणि नव्वदच्या दशकातला एक सीडी प्लेयर. कोथरूडच्या सदनिकेत यांतले काय न्यायचे यावर घरात तीन मते पडली. काकांना सारे काही पूर्वी होते तसेच चालू करून हवे होते. धाकट्या बहिणीला रेडिओग्रामची लाकडी पेटी ठेवून आत आजकालचा ब्लूटूथ ॲम्प्लिफायर बसवावा असे वाटत होते. आईचे म्हणणे असे होते की हे सगळे जुन्या बाजारात देऊन एकच सुटसुटीत नवा संच घ्यावा. पुढच्या दोन वर्षांत या तिन्ही मार्गांनी आम्ही थोडेथोडे चाललो. ज्यांच्या घरी आज हाच प्रश्न उभा आहे त्यांच्यासाठी ते मार्ग येथे शेजारी शेजारी ठेवून पाहतो.

माझे मत आधीच सांगतो. यंत्र किती जुने आहे यावरून हा निर्णय करू नये; त्यातला झिजणारा भाग आजही तयार होतो का, यावरून करावा. या कसोटीवर पाहिले की अपेक्षेच्या उलट क्रम लागतो. आमच्या चार वस्तूंपैकी सर्वांत जुना रेडिओग्राम दुरुस्तीला सर्वांत सोयीचा ठरला आणि सर्वांत नवा सीडी प्लेयर जवळजवळ निरुपयोगी निघाला.

व्हॉल्व्हच्या संचाची बाजू भक्कम असण्याचे कारण त्याच्या साधेपणात आहे. खालचे झाकण काढले की प्रत्येक रोध (रेझिस्टर), प्रत्येक कंडेन्सर (वीज साठवणारा भाग) डोळ्यांना दिसतो आणि बोटांनी धरता येतो. ईएल 84 किंवा ईसीसी 83 यांसारखे नेहमीचे व्हॉल्व्ह स्लोव्हाकिया आणि रशिया येथे आजही बनतात. बाकीचे सुटे भाग बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात दोन-चार दुकाने पालथी घातली की बहुधा मिळतात. मात्र असा संच माळ्यावरून उतरवून थेट विजेला जोडणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे संकेत नेणारा कागदी कंडेन्सर म्हातारा झाला की गळू लागतो, त्यातून शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (त्याचा प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर) नको असलेला डीसी दाब पोहोचतो, तो व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर प्रवाह ओढतो आणि स्वतः जाताना स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. कंडेन्सर किरकोळ किमतीचा असतो; ट्रान्सफॉर्मर मात्र मुद्दाम वाइंडिंग करून घ्यावा लागतो. म्हणून व्हॉल्व्हच्या संचातले कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर मोजत न बसता सगळे बदलावेत, आणि पहिल्यांदा वीज देताना मध्ये सिरीज बोर्डाचा (विजेच्या वाटेत जोडलेला, तारेचा) बल्ब ठेवावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जाण्यास हरकत नाही. प्रखर पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. मागच्या बाजूस व्होल्टेज निवडण्याची सोय असेल तर ती 220 वर न ठेवता 240 किंवा 250 वर ठेवावी, कारण आपल्याकडचा वीजदाब पुष्कळदा 230 च्या वर असतो. आत अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी खेळत असते आणि संच बंद केल्यावरही ते कंडेन्सरमध्ये काही काळ टिकते, त्यामुळे हे काम शिकून घेतल्याशिवाय घरी करण्याचे नव्हे.

आता बहिणीची सूचना. पेटी ठेवून आतले सर्व काढून टाकणे हा आज पुष्कळ ठिकाणी केला जाणारा प्रकार आहे आणि त्याची सोय मी नाकारत नाही: संच लगेच वाजतो, तापत नाही, फोनवरून चालतो. पण त्याची तुलना खऱ्या दुरुस्तीशी न करता तिसऱ्या एका पर्यायाशी करावी. अशा बहुतेक संचांना मागे पिकअपचे (बाहेरच्या रेकॉर्ड प्लेयरचा संकेत आत घेण्याचे) सॉकेट असते. तेथे योग्य जोडवायर लावून एक छोटा ब्लूटूथ रिसीव्हर जोडला की एकही मूळ तार न तोडता फोनवरचे गाणे त्याच व्हॉल्व्हमधून आणि त्याच मोठ्या कागदी स्पीकरमधून ऐकू येते. उद्या नको झाला तर तो काढून ठेवता येतो. जी सुधारणा पुन्हा उलटवता येते ती मोकळ्या मनाने करावी. जिच्यासाठी पेटीला भोक पाडावे लागते किंवा सांगाडा कापावा लागतो ती टाळावी, असा माझा आग्रह आहे. येथे एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. काही जुन्या टेबल रेडिओंमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि त्यांचा लोखंडी सांगाडा थेट विजेच्या एका तारेला जोडलेला असतो. अशा संचाला बाहेरचे कोणतेही यंत्र जोडणे जिवावर बेतू शकते. आधी जाणकाराकडून तपासून घ्यावे.

रेडिओग्रामच्या तबकडीची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे पुण्याचा पावसाळा आडवा येतो. जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजमधला (सुईच्या कंपनांची वीज करणाऱ्या भागातला) रोशेल क्षाराचा स्फटिक दमट हवेत पाणी शोषून निकामी होतो, आणि कार्ट्रिज न वापरता पडून राहिले तरी हे टळत नाही. त्याच्या जागी सिरॅमिक कार्ट्रिज बसवणे ही दुरुस्तीही आहे आणि सुधारणाही. त्याचा संकेत पुरेसा मोठा असल्याने जुन्या संचात दुसरे काही बदलावे लागत नाही. मॅग्नेटिक कार्ट्रिजचा आवाज अधिक स्वच्छ असतो, परंतु त्याचा संकेत पाच मिलिव्होल्टच्या आसपास असतो, त्याला वेगळा फोनो प्रीॲम्प्लिफायर (संकेत वाढवणारे छोटे यंत्र) लागतो आणि रेडिओग्रामचा जड टोनआर्म (सुईचा दांडा) त्याला मानवत नाही. माझा सल्ला असा की मिनिटाला 78 फेऱ्यांच्या लाखेच्या रेकॉर्डी रेडिओग्रामवर ऐकाव्यात आणि 33⅓ फेऱ्यांच्या स्टीरिओ एलपींसाठी हलक्या आर्मचा वेगळा टर्नटेबल घ्यावा. दोन्हींची सुईसुद्धा एक नसते: 78 च्या खाचेला सुमारे 75 मायक्रॉनचे टोक लागते, एलपीला 25 किंवा त्याहून कमी. एलपीची बारीक सुई जुन्या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि गायकापेक्षा खरखरच अधिक ऐकू येते.

वेगळा टर्नटेबल जुना घ्यायचा असेल, रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात दिसला असेल अथवा अमेरिकेतल्या आप्तांनी पाठवला असेल, तर मागची पाटी वाचावी. विजेच्या फ्रीक्वेन्सीवर वेग ठरणारी 60 हर्ट्झची मोटर आपल्या 50 हर्ट्झवर सावकाश फिरते. नुसता व्होल्टेज कन्व्हर्टर लावल्याने व्होल्ट जुळतात, वेग जुळत नाही. 33⅓ फेऱ्यांऐवजी तबकडी मिनिटाला सुमारे 27.8 फेऱ्या घेते आणि काळी एक पट्टीतले गाणे खाली घसरून काळी पाचच्याही थोडे खाली जाते. मोटरवर बसणारी 50 हर्ट्झची पुली मिळत असेल तर हा दोष सहज निघतो, मिळत नसेल तर असा टर्नटेबल सोडून द्यावा. 1972 मध्ये आलेल्या टेक्निक्स एसएल-1200 च्या धर्तीवरच्या डायरेक्ट ड्राइव्ह (मोटरच थेट तबकडी फिरवणाऱ्या) यंत्रांचा वेग आतले इलेक्ट्रॉनिक मंडल ठरवत असल्यामुळे त्यांना हा प्रश्न नसतो, फक्त व्होल्टेज पाहावे लागते.

काकांच्या ॲम्प्लिफायरबाबत निर्णय इतका सरळ नव्हता. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या जपानी यंत्रांची बांधणी, त्यांचा जड ट्रान्सफॉर्मर आणि ॲल्युमिनियमचे दर्शनी पान आजच्या त्याच वर्गातल्या यंत्रांत सहसा मिळत नाही. प्रश्न आतल्या अर्धवाहकांचा (ट्रान्झिस्टर आणि आयसी यांचा) आहे. आउटपुटला सुटे ट्रान्झिस्टर असतील तर चालणारा पर्याय बहुधा शोधता येतो. एसटीके मालिकेची एकसंध आयसी (सगळे आउटपुट मंडल एकाच तुकड्यात) असेल आणि ती जळली असेल तर मात्र विचार करावा, कारण तिचे उत्पादन थांबले आहे आणि त्या नावाने विकला जाणारा पुष्कळ माल बनावट असतो. आमच्याकडे सुटे ट्रान्झिस्टर होते, तरीही एका दुकानात बदलून घेतलेली जोडी तिसऱ्या आठवड्यात गेली. आतल्या चिपचा आकार पाहिल्यावर ती बनावट असल्याचे दुसऱ्या तंत्रज्ञाने दाखवले. स्पीकरची जोडणी तोडणारा संरक्षक रिले वेळेवर सुटला म्हणून स्पीकर वाचले. तेव्हापासून मी भाग कोठून आणले ते विचारतो आणि काढलेले जुने भाग परत मागतो. चांगला कारागीर या दोन्ही गोष्टींना राजी असतो.

या यंत्रात सगळे कंडेन्सर सरसकट बदलावेत असे मला वाटत नाही. दहा अंश सेल्सिअस तापमान कमी झाले की इलेक्ट्रोलिटिकचे आयुष्य साधारण दुप्पट होते, म्हणजेच हीट सिंकजवळचे (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाजवळचे) आधी वाळतात आणि थंड कोपऱ्यातले कित्येकदा ठणठणीत असतात. मोजून, वाळलेले तेवढे बदलावेत. व्हॉल्यूमच्या खरखरीला काँटॅक्ट क्लीनर पुरतो. ॲम्प्लिफायरसोबत ट्यूनर (रेडिओ केंद्रे पकडणारे यंत्र) असेल आणि तो जपानच्या देशी बाजारासाठी बनलेला असेल, तर त्याची एफएमची पट्टी 76 ते 90 मेगाहर्ट्झची असते आणि पुण्याची विविध भारती 101 वर आहे. तेथे दुरुस्ती करूनही हाती काही लागत नाही.

स्पीकरच्या बाबतीत मात्र दुरुस्तीच्या बाजूने मी ठामपणे बोलेन. ऐंशीच्या दशकातल्या स्पीकरच्या कडेचा पॉलियुरेथेन फोम दमट हवेत आपोआप विरतो. हात लावताच काळी भुकटी पडते, आणि घरातले लोक स्पीकर गेला असे समजून तो भंगारात देतात. वास्तविक कोन, कॉइल आणि चुंबक शाबूत असतात. मापाची नवी फोमची किंवा रबराची कडा चिकटवून, कॉइल मध्यावर आणली की स्पीकर पूर्वीसारखा वाजतो. आजोबांच्या रेडिओग्राममधल्या स्पीकरची कडा नालीदार कागदाची होती आणि ती आजही जशीच्या तशी आहे.

नव्या खरेदीच्या बाजूने जे बोलण्यासारखे आहे ते याच ठिकाणी येते, आणि ते कमी नाही. आजचा क्लास डी ॲम्प्लिफायर तळहाताएवढा असतो, वीज कमी खातो, हमीसह मिळतो आणि भाड्याच्या घरात किंवा लहान खोलीत सहज मावतो. केवळ वॉटचे आकडे पाहून मात्र तुलना करू नये. एका वॉटला 92 डेसिबल देणारा जुना स्पीकर पाच वॉटवर जितका मोठा वाजतो, तितकेच वाजायला 86 डेसिबलच्या नव्या छोट्या स्पीकरला वीस वॉट लागतात. तबल्याच्या बायाची घुमारदार थाप आणि तंबोऱ्याचा खर्ज ऐकायचा असेल तर मोठ्या कोनाला सहज पर्याय नाही. उलट बातम्या, नाटके आणि स्वयंपाक करताना चालू असलेली गाणी एवढाच वापर असेल, तर दुरुस्तीच्या खटपटीत पडू नये, आईचे म्हणणेच योग्य आहे.

कॅसेट डेक आणि सीडी प्लेयर यांचा निकाल लवकर लागतो. डेकचा बेल्ट चिकट डांबरासारखा झालेला असतो. तो आणि पिंच रोलर (टेप ओढणारे रबरी चाक) बदलून, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वेग जुळवला की काम होते. नव्याने बनणाऱ्या कॅसेट यंत्रणा जुन्या चांगल्या डेकच्या तुलनेत फारच हलक्या आहेत, त्यामुळे घरगुती बैठकींच्या कॅसेट जपायच्या असतील तर जुना डेकच दुरुस्त करावा आणि त्यावरून त्या लवकर संगणकावर उतरवून घ्याव्यात. सीडी प्लेयरचा लेझर गेला असेल आणि त्या क्रमांकाचा लेझर पिकअप (तबकडी वाचणारा भाग) मिळत नसेल, तर थांबावे. त्या तबकड्या कोणत्याही चालू ड्राइव्हवर वाचल्या जातात.

दुरुस्ती आणि सुधारणा दोन्ही करायचे ठरले तरी त्या एकत्र करू नयेत. आधी संच मूळ स्थितीत आणावा, महिनाभर ओळखीच्या रेकॉर्डी ऐकाव्यात, आणि मगच काय कमी पडते ते ठरवावे. एकाच फेरीत दहा गोष्टी बदलल्या तर नवा हम (स्पीकरमधली गुणगुण) कोठून आला हे शोधणे कठीण जाते. वेगाची परीक्षा करायला तंबोऱ्यासारखे दुसरे साधन नाही. आलापाच्या मागे चाललेला षड्ज किंचितही डोलला तर बेल्ट किंवा आयडलर चाक (मोटरचा वेग तबकडीला देणारे) तपासावे.

आमच्या कोथरूडच्या बैठकीत आज रेडिओग्राम आहे, त्याच्या मागच्या सॉकेटला बहिणीचा ब्लूटूथ रिसीव्हर आहे आणि पेटीला कोठेही भोक नाही. काकांचा ॲम्प्लिफायर व स्पीकर त्यांच्या खोलीत आहेत, डेक संगणकाशेजारी. सीडी प्लेयर ई-कचरा गोळा करणाऱ्यांना दिला. स्वयंपाकघरासाठी आईने एक छोटा नवा स्पीकर घेतला आणि सकाळी घरात पहिल्यांदा तोच लागतो.