थाइमची पानं-फुलं मोजायला घेतलेला डिजिटल कॅलिपर, दोन बहर वापरून झाल्यावर

बरेच दिवस लिहायचं मनात होतं, पण एकाच सीझनवर मत द्यायला नको वाटलं म्हणून थांबले. आता थाइमचे, म्हणजे त्या बारीक पानांच्या सुवासिक झुडपाचे, दोन बहर या कॅलिपरने मोजून झालेत, त्यामुळे जे लिहितेय ते वापरून लिहितेय. कॅलिपर, म्हणजे दोन जबड्यांमध्ये वस्तू धरून माप घ्यायची सरकती पट्टी, साधाच आहे, १५० मिमीचा, स्टीलचा, डिस्प्लेवाला, ०.०१ मिमीपर्यंत आकडा दाखवणारा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण अडचणी ज्या आल्या त्यातल्या बहुतेक या प्रकारच्या कुठल्याही कॅलिपरमध्ये येतील.

काम काय ते आधी सांगते, नाहीतर एवढं बारीक का मोजायचं ते कळणार नाही. बीजबँकेत बी नुसतं वाळवून उणे १८ डिग्रीला ठेवलं की झालं असं नसतं, ते बी ज्या झाडांवरून आलं ती झाडं दिसायला कशी होती, पान केवढं, फूल केवढं, खोडावर लव कुठे, हे सगळं लिहून ठेवावं लागतं. काही वर्षांनी पाकिटातलं बी कमी झालं की ते पुन्हा पेरून नवीन बी घेतात, आणि तेव्हा आलेली झाडं तीच आहेत की मधेच कुठे सरमिसळ झाली हे ओळखायला हे जुनं वर्णन एवढंच हातात असतं. थाइममध्ये तर जास्तच, कारण याच्या दोनशेच्या वर जाती, त्यात एकमेकींशी सहज संकर होतो, आणि कुंडीतल्या लेबलवर जे नाव असतं ते बरोबर असेलच असं नाही.

तर कॅलिपर. सगळ्यात मोठी तक्रार पानाची, आणि पानासाठीच तर मी तो घेतला होता. कॉमन थाइमचं, म्हणजे थायमस व्हल्गॅरिसचं पान साधारण ४ ते १२ मिमी लांब आणि फार तर ३ मिमी रुंद, वर त्याच्या कडा खालच्या बाजूला गुंडाळलेल्या असतात. लांबी ठीक येते. रुंदी मोजायला जबडे पानाला टेकवले की गुंडाळलेली कड आत दबते, आणि किती दबेल ते तुम्ही अंगठ्याने किती जोर लावता त्यावर! एकदा शंका आली म्हणून एकच पान मी आणि सहकारीण अशा दोघींनी आळीपाळीने पाच-पाच वेळा मोजलं, तर आकडे १.६ पासून २.१ पर्यंत आले. डिस्प्लेवर ०.०१ मिमी दिसतंय म्हणून आपण खूप अचूक मोजतोय असं वाटत राहतं पण प्रत्यक्षात अर्ध्या मिलिमीटरची गडबड आहे, आणि जिथे पानच दोन मिमीचं तिथे अर्धा मिमी म्हणजे पाव भाग गेला. पहिल्या सीझनचे रुंदीचे सगळे आकडे मी शेवटी काढून टाकले. वाईट वाटलं, पण चुकीचा आकडा नोंदीत कायमचा राहण्यापेक्षा रिकामा रकाना परवडला.

आता पानं स्कॅन करते. १२०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात १२०० ठिपके धरून, एक पिक्सेल साधारण ०.०२ मिमीचा पडतो, शेजारी एक स्केल ठेवायची आणि इमेजजे नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मोजायचं. हात लागत नाही त्यामुळे दाबण्याचा प्रश्न नाही आणि फोटो कायमचा राहतो, उद्या कोणाला शंका आली तर तोच फोटो परत मोजता येतो, हा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा. फक्त पातळ, हलके स्कॅनर जे असतात, सीआयएसवाले, त्यांना काचेला टेकलेलं तेवढंच स्पष्ट दिसतं, पान जरा उचललेलं असलं की कड धूसर. जुन्या जाडजूड सीसीडी स्कॅनरवर ते छान येतं. आणि पानं तोडल्या तोडल्या ओलसर टिश्यूत घालून झिपच्या पिशवीत ठेवा, वाळायला लागली की कडा अजून वळतात. गुंडाळलेल्या अवस्थेत मोजलंय की सपाट करून, तेही प्रत्येक नोंदीत लिहा. पानं कुठली घ्यायची तेही आधी ठरवून टाका, आम्ही पूर्ण फुलोऱ्याच्या वेळी फुलणाऱ्या फांदीच्या मधल्या पेरावरची घेतो, कारण त्याच झाडावर पाणी कमी पडल्यावर आलेली पानं लहान आणि जास्त वळलेली असतात, मग दोन नमुन्यांतला फरक जातीचा की पाण्याचा तेच कळत नाही.

मग कॅलिपर वाया गेला का, तर अजिबात नाही. जे कडक आहे ते हा सुंदर मोजतो. बुंध्यापाशी खोडाची जाडी, दोन पेरांमधलं अंतर, फुलांच्या गुच्छाची लांबी, आणि मला ज्याचं सगळ्यात कौतुक वाटलं ते म्हणजे फुलाच्या तळाचा हिरवा पेला, निदलपुंज. तो जेमतेम ३-४ मिमीचा असतो पण ताठ असतो, दबत नाही, तीनदा मोजला तरी आकडा तोच. झुडपाची उंची आणि पसारा मात्र साध्या टेपनेच घ्या, १५० मिमीच्या पट्टीत अख्खं झुडूप कुठे मावणार.

बॅटरीबद्दल लिहायलाच हवं. माझा तरी बंद केल्यावरही आतून थोडा करंट खात राहतो, महिनाभर नुसता पडून राहिला तरी सेल उतरलेला. आता काम संपलं की सेल काढूनच ठेवते. आणि एलआर४४ या नेहमीच्या अल्कलाइन बटण सेलऐवजी एसआर४४ टाका, साइज तीच पण सिल्व्हर ऑक्साइडचा सेल शेवटपर्यंत व्होल्टेज टिकवून धरतो, एलआर४४ चं हळूहळू उतरत जातं आणि शेवटी शेवटी माझ्याकडे तर आकडे थरथरायला लागले.

दुसरं म्हणजे बटणं. मिमी आणि इंच बदलायचं बटण इतकं वर आलेलं आहे की खिशात घालता काढता दाबलं जातं. ते निदान लगेच लक्षात येतं, ७.९ च्या जागी ०.३१ दिसलं की माणूस थांबतो. झिरोचं बटण दाबलं गेलं तर खरा धोका. जबडे अर्धा मिमी उघडे असताना झिरो झाला तर पुढचं प्रत्येक माप अर्ध्या मिमीने कमी येतं आणि आकडे दिसायला अगदी खरे वाटतात! माझ्याबरोबर हे झालंय, जवळजवळ एक सकाळ गेली. तेव्हापासून दर दहा मापांनी जबडे पूर्ण मिटून ०.०० येतंय का बघते आणि ठरलेल्या जाडीचा एक स्टीलचा तुकडा मोजते, जबड्यात मातीचा कण किंवा थाइमच्या तेलाचा चिकट थर असला तर तोही तिथेच पकडला जातो.

आता जे खरं सांगायचंय ते. हाच कॅलिपर घ्यायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला मी म्हणेन, आधी १० पट मोठं दाखवणारं चांगलं भिंग घ्या, तीन काचांचं, ट्रिप्लेट म्हणतात ते. कारण थाइममध्ये बघायचं आधी आणि मोजायचं नंतर असं आहे. कॉमन थाइममध्ये काही झाडांची फुलं द्विलिंगी असतात आणि काही झाडांची फक्त मादी, डार्विनने १८७७ च्या त्याच्या फुलांवरच्या पुस्तकात हे लिहून ठेवलंय. मादी फूल लहान, आत परागकोश खुरटलेले किंवा नाहीतच. भिंग डोळ्याला लावून फुलात डोकावलं की द्विलिंगी फुलात पाकळ्यांच्या बाहेर आलेले पुंकेसर आणि टोकाला परागकोश दिसतात, मादीत ती जागा रिकामी आणि फक्त कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराची दुभंगलेल्या टोकाची दांडी, पुढे आलेली. फक्त जरा जुनं झालेलं फूल बघा, द्विलिंगी फुलात परागकोश आधी पिकतात आणि ही दांडी नंतर लांबते. हे न बघता सगळी फुलं मोजून सरासरी काढली तर ती सरासरी कुठल्याच झाडाची नसते, नमुन्यात माद्या किती आल्या त्यावर ती वरखाली होते. शिवाय माद्यांना बी जास्त धरतं, म्हणजे जसं हाताला लागेल तसं गोळा केलं तर पाकिटात त्यांचंच बी जास्त जातं, म्हणून आम्ही आता प्रत्येक झाडाचं लिंग लिहितो आणि बी झाडागणिक वेगळं घेतो.

खोडावरच्या लवेचंही तसंच. फुलाखालचा चौकोनी दांडा भिंगाखाली फिरवून बघा. लव फक्त चार कोनांवर असेल तर थायमस पुलेजिओइडिस, समोरासमोरच्या दोन बाजूंवर असेल आणि उरलेल्या दोन जवळजवळ उघड्या असतील तर थायमस प्रीकॉक्स, चारही बाजूंनी सारखी असेल तर थायमस सर्पिलम. जमिनीवर पसरणाऱ्या थाइममधले हे तिघे लांबून अगदी बहिणी-बहिणी दिसतात आणि कॅलिपरने आयुष्यभर पानं मोजली तरी जे कळणार नाही ते इथे दहा सेकंदात कळतं. पहिल्यांदा मला ते दिसलं ना, त्या दिवशी मी बसल्या जागी ट्रेमधली सगळी झाडं परत तपासली.

वासाला मात्र भिंगही पुरत नाही. दक्षिण फ्रान्समध्ये कॉमन थाइमचे सहा रासायनिक प्रकार सापडतात, थायमॉल, कार्व्हाक्रॉल, लिनालूल, जिरॅनिऑल वगैरे, आणि झाडं दिसायला सारखीच. त्याला गॅस क्रोमॅटोग्राफीच, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून ओळखणारी तपासणीच लागते, ती आम्ही बाहेरून करून घेतो.

कॅलिपरने बी मोजायचाही प्रयत्न केला, करू नका. बी एक मिमीहून लहान, गोलसर, जबड्यातून सटकून कुठे जातं पत्ता लागत नाही. बियांचं वजन घ्या, १००-१०० बियांचे आठ गट करून. पण तिथेही वजनकाटा बघून घ्या, १०० बिया भरतात ०.०२५ ते ०.०३ ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे ०.०१ ग्रॅमवाला काटा कुठलाही नमुना ठेवला तरी ०.०२ किंवा ०.०३ एवढंच सांगणार. ०.०००१ ग्रॅमपर्यंत दाखवणाराच हवा.

स्टार द्यायचे तर कॅलिपरला पाचपैकी साडेतीन, अर्धा त्या झिरोच्या बटणाने घालवला आणि एक पानाच्या रुंदीने. खोड, पेर, निदलपुंज यासाठी खुशाल घ्या. येत्या बहरात मी झिरोच्या बटणावर जाड टेप लावून बघणारे आणि काढून टाकलेली ती रुंदी त्याच झाडांवरून पुन्हा घेणारे, या वेळी स्कॅनरवर, माद्या वेगळ्या ठेवून.