१०९८ लग्न थांबवतो, शाळेचं आपणच मागायचं

नववीची वर्गशिक्षिका म्हणून चाइल्ड हेल्पलाइनला फोन करावा लागला. हा अनुभव इतर शिक्षकांसाठी लिहिते आहे. क्रमांक १०९८. पैसे पडत नाहीत, चोवीस तास लागतो.

वर्गातली एक मुलगी दिवाळीनंतर आलीच नाही. मैत्रिणी म्हणाल्या, "बाई, तिची सुपारी फुटली. परवा हळद." त्याच संध्याकाळी फोन लावला. पलीकडच्या ताईंनी आधी मुलीचं वय विचारलं आणि वयाचा पुरावा आहे का, ते विचारलं. पुरावा शाळेतच होता : जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख. वय १५. मग गाव, मांडव कुठे, मुहूर्त कधी. तुमचं नाव कुणाला कळणार नाही, हे त्यांनी आपणहून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाल संरक्षण कक्षाची माणसं ग्रामसेवक आणि पोलिसांना घेऊन तिच्या दारात उभी होती. खेड्यात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हे किती जणांना माहीत आहे? २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याप्रमाणे २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो, लग्न लावणाराही त्यात सापडतो, हे त्यांनी वडिलांना शांतपणे समजावलं. हमीपत्र लिहून घेतलं. मांडव उतरला. या कामाला माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण.

पण मुलगी वर्गात आली नाही.

हमीपत्रात १८ पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही एवढंच होतं. शाळेत पाठवू, असं एक अक्षर नव्हतं. आलेल्या माणसांना मी दोष देत नाही, खोट कायद्यातच आहे. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंत. नेमकं त्यापुढच्या वयात पोरींची लग्नं ठरतात, आणि तेव्हा त्यांना शाळेत आणणं कायद्याने कुणावरच बंधनकारक नसतं. आईवडील ऊसतोडीला गेले की वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. त्याला हमीपत्रात उत्तर नसतं. मग तेच लग्न लांबच्या पाहुण्यांच्या गावी गुपचूप लागतं.

म्हणून मी बाल कल्याण समितीला, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीला, अर्ज दिला. लग्नाचा धोका असलेलं मूल २०१५ च्या बाल न्याय कायद्यात 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरतं, त्यामुळे समितीला दखल घ्यावीच लागते. तिथे मुलीला एकटीला बसवून विचारलं. दहावी करायची आहे, असं ती म्हणाली. आता ती वसतिगृहात राहून शिकते आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या दर १०० जणींपैकी जवळपास २२ जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं आढळलं. तेव्हा हा क्रमांक प्रत्येक वर्गात लिहून लावा. वर्षाच्या मध्येच पालक शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले, तर तो देण्याआधी मुलीशी बोला. आणि १०९८ वर बोलताना तिच्या शाळेचं काय, वसतिगृहाचं काय, हे त्याच फोनमध्ये विचारा.