होंडा रँचर ४२० आणि एल्कची शिकार: ओझ्याच्या बाजूने लिहिलेला रिव्ह्यू

कोलोरॅडोत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी काही जण आता शिकारीचं लायसन्स काढतायत आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, एटीव्ही, म्हणजे डोंगरवाटांवर चालणारी हँडलची चारचाकी, कुठली घेऊ. मी होंडाची फोरट्रॅक्स रँचर ४२० वापरतो, फोर बाय फोर, बटणाने गिअर बदलायचं मॉडेल, आणि मला ही गाडी मनापासून आवडते. इंजिन कसं, पिकअप कसा यावर लिहिणारे भरपूर आहेत, मला लिहायचंय ते एल्कची, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणाची, शिकार झाल्यानंतरच्या भागावर, म्हणजे मांस लादून डोंगरावरून खाली येताना ही गाडी कशी वागते, तिच्यावर किती लादायचं, कुठे लादायचं आणि कसं बांधायचं. अमेरिकेत एटीव्हीच्या अपघातांत दरवर्षी शेकडो माणसं जातात, गाडी उलटून अंगावर येणं हा त्यातला नेहमीचा प्रकार, आणि चुकीच्या जागी ठेवलेलं ओझं गाडी उलटायला फार मदत करतं. म्हणून हा विषय मला टॉप स्पीडपेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो.

गावाकडून वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो, भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी, इथली पद्धत वेगळी आहे, राज्याचं वन्यजीव खातं कुठल्या भागात, कुठल्या हंगामात, कुठलं जनावर हे ठरवून टॅग, म्हणजे त्या जनावराचा परवाना, देतं आणि १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचा कोर्स केल्याशिवाय सहसा लायसन्स मिळत नाही. मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस तिथेच टाकून येणं हा इथे गुन्हा आहे. म्हणजे सगळं मांस खाली आणावंच लागतं, आणि तिथून ओझ्याचा प्रश्न सुरू होतो.

आता गाडी. ४२० सीसीचं एक सिलेंडरचं लिक्विड कूल्ड इंजिन, फ्युएल इंजेक्शन असल्यामुळे उंचीवर आणि थंडीत पहाटे कुरकुर न करता सुरू होते, पश्चिम कोलोरॅडोतल्या मीकर गावाच्या बाजूला नऊ-दहा हजार फुटांवर ऑक्टोबरच्या शेवटी हे फार मोठं सुख आहे. चेन नाही, शाफ्ट ड्राइव्ह आहे त्यामुळे चिखलात कटकट नाही. पुढे दोन डिस्क ब्रेक, मागे सील केलेला ड्रम. गाडीचं स्वतःचं वजन २६० किलोच्या आसपास, म्हणजे या वर्गात हलकीच, अरुंद वाटेवर वळवताना बरं वाटतं. लो रेंजचा वेगळा लिव्हर नाही, पण पहिला गिअर चांगला खाली आहे आणि उतारावर इंजिन गाडीला छान धरून ठेवतं. ओझं असताना मी उतार सुरू व्हायच्या आधीच पहिल्यात टाकतो, फोर बाय फोर लावतो आणि ब्रेक फक्त बोटांनी, हळूहळू. अर्ध्या उतारात गिअर बदलायच्या भानगडीत पडायचं नाही.

मुद्द्याचे आकडे हे. पुढच्या रॅकवर ६६ पौंड म्हणजे ३० किलो, मागच्या रॅकवर १३३ पौंड म्हणजे ६० किलो, आणि ओढायची क्षमता ८४८ पौंड म्हणजे ३८५ किलो, यात ट्रेलरचं स्वतःचं वजनही आलं. गाडीवर स्टिकर असतो, तो वाचा. आणि एकूण भाराची जी मर्यादा असते त्यात चालवणाऱ्याचं वजन, जाडजूड कपडे, बूट, पाठीवरची सॅक, रायफल, रॅकवर लावलेली पेटी, सगळं धरलेलं असतं हे लोक विसरतात.

मग एल्कचा हिशोब करा. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या वर जातो. तो अख्खा कुठल्याच एटीव्हीच्या रॅकवर जात नाही, त्यामुळे जागेवरच कातडं काढून चार भाग करायचे, मागच्या दोन मांड्या, पुढचे दोन फरे, शिवाय पाठीचं मांस, मानेचं मांस आणि शिंगं असतील तर डोकं. हाडासकट मागची एक मांडी पंचवीस ते पस्तीस किलो भरते. म्हणजे दोन मांड्या मागच्या रॅकवर ठेवल्या की ६० किलो झाले, कधी कधी तर त्याच्याही वर गेले. पुढचा फरा वीस-पंचवीस किलोचा, तो पुढच्या रॅकवर एकच बसतो. उरलं काय, एक फरा, पाठ, मान, डोकं. म्हणजे मोठ्या नराच्या दोन खेपा धरूनच चालायचं, आणि अंधार पडायच्या आत दोन्ही होतील का हे गोळी झाडायच्या आधी मनात पक्कं असायला हवं. दिवस मावळताना, गाडीपासून तीन मैलांवर, दरीच्या तळाशी उभा असलेला नर कितीही सुंदर दिसला तरी मी रायफल खाली ठेवतो.

लोक करतात काय, तर एकाच खेपेत सगळं आणायचं म्हणून मागच्या रॅकवर मांड्यांवर फरे, त्यावर डोकं असा ढीग रचतात. रॅक तुटत नाही, पोलादी आहे, म्हणून त्यांना वाटतं चालतंय. पण रॅक किती पेलतो हा प्रश्नच वेगळा आहे, खरा प्रश्न गाडीचा तोल कुठे जातो हा आहे. मागचा रॅक मागच्या चाकांच्या वर आणि थोडा मागे असतो, तिथे जास्त भार पडला की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते, आणि चढावर उसाची बैलगाडी मागून जड भरल्यावर उलाळ होते तशी ही गाडी पुढून उचलते, फरक इतकाच की इथे तुम्ही मागच्या बाजूला बसलेले असता आणि गाडी तुमच्यावर येते. पुढच्या रॅकवर जास्त टाकलं तर उतारावर सगळा भार पुढच्या चाकांवर येतो, हँडल जड होतं आणि एखाद्या दगडावर झटका बसला की हातातून सुटू शकतं. त्यात मांस म्हणजे घट्ट पेटी नव्हे, ते थरथरतं, सरकतं, जागा बदलतं.

माझा नियम सोपा आहे. जड ते आधी आणि खाली, रॅकच्या मधोमध, सीटच्या जितकं जवळ येईल तितकं. दोन मांड्या एकमेकींच्या उलट दिशेने, एकीचा जाड भाग डावीकडे तर दुसरीचा उजवीकडे, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतात. वर काही रचायचं नाही. आडव्या उताराने भार घेऊन जायचंच नाही, लांबचा फेरा पडला तरी सरळ खाली किंवा सरळ वर जाणारा रस्ता पकडायचा. तसंही नॅशनल फॉरेस्टमध्ये मोटार गाड्यांच्या नकाशावर एटीव्हीला परवानगी असलेल्या वाटेवरूनच चालवता येते, जनावर पडलं तिथपर्यंत झाडीतून गाडी नेता येत नाही, आणि फ्लॅट टॉप्ससारख्या विल्डरनेस, म्हणजे कायद्याने राखलेल्या रानाच्या भागात तर १९६४ च्या कायद्याने चाकाची कुठलीच मोटार चालत नाही. त्यामुळे मांस वाटेपर्यंत पाठीवरूनच येतं, फ्रेमच्या सॅकमधून. एटीव्ही पुढचं काम करते.

बांधण्याबद्दल. रबरी बंजी कॉर्ड मांसासाठी वापरू नका, अजिबात नाही. जॅकेट, ताडपत्री ठेवायला ठीक आहे, पण तीस किलोची मांडी खड्ड्यात उसळली की बंजी ताणते आणि मांडी बाजूला जाते, वर तिचा हूक सुटून डोळ्याला लागला तर कायमचं नुकसान. मी इंचभर रुंदीचे रॅचेट पट्टे, म्हणजे दातेरी खटक्याने आवळायचे पट्टे, वापरतो, प्रत्येक तुकड्याला दोन, एकमेकांना फुली मारून, आणि हूक रॅकच्या नळीला पूर्ण अडकला की नाही ते हाताने चाचपून. पट्टा घेताना पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलेली ताकद तुटण्याची असते, काम करायची मर्यादा साधारण त्याच्या एक तृतीयांश धरतात, तीच बघायची. रॅचेट वेड्यासारखं आवळायचंही नाही, मांस दबतं आणि कापडी पिशवी फाटते. आणि हे महत्त्वाचं: निघाल्यावर पाच-दहा मिनिटांत थांबून पट्टे परत बघायचेच. मांस हादऱ्यांनी बसतं, पट्टे ढिले होतात, घरातून पेटी बांधून आणताना असं होत नाही म्हणून नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. पट्ट्याचं उरलेलं टोक गुंडाळून खोचा, लोंबणारं टोक चाकात किंवा ॲक्सलमध्ये गेलं तर गाडी जागेवर जखडते.

डोकं आणि शिंगं मागच्या रॅकवर शेवटच्या खेपेला, टोकं चालवणाऱ्यापासून लांब, मागच्या बाजूला. पाठीकडे टोकं करून बांधलेली शिंगं मी बघितली आहेत, जोरात ब्रेक लागला तर काय होईल हे सांगायला नको. ताजं मांस प्लास्टिकच्या ताडपत्रीत घट्ट गुंडाळू नका, उष्णता आत कोंडते आणि मांस खराब होतं, हवा खेळणाऱ्या कापडी गेम बॅग वापरा, आणि सायलेन्सरच्या गरम भागाजवळ पिशवी लोंबू देऊ नका.

ट्रेलर घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो. बुटका, रुंद, जाड टायरचा टब ट्रेलर, नाव कुठलंही असो. तेच वजन जमिनीजवळ जातं, गाडीचा तोल शाबूत राहतो आणि ३८५ किलोच्या आत अख्ख्या एल्कचं मांस आरामात बसतं. पण ट्रेलरचे स्वतःचे नियम आहेत. जड सामान ट्रेलरच्या ॲक्सलच्या थोडं पुढे ठेवायचं, सगळं मागे ठेवलं तर ट्रेलरचा दांडा वर उचलतो आणि गाडीच्या मागच्या चाकांची पकड जाते. उलट दांड्यावर फार भार आला तर तोही गाडीच्या मागच्या भारातच मोजायचा, मग मागच्या रॅकवर तेवढं कमी. उतारावर ट्रेलर मागून ढकलतो, त्याला स्वतःचा ब्रेक नसतो, म्हणून थांबायला लागणारं अंतर डोळ्यांना वाटतं त्याच्या दुप्पट धरा आणि वळण घेताना वेग आधीच कमी करा. सकाळी गोठलेला कडक रस्ता दुपारी उन्हाने वितळून साबणासारखा झालेला असतो, पश्चिम कोलोरॅडोच्या चिकणमातीत हे रोजचं आहे, अशा वेळी मी भरलेला ट्रेलर घेऊन चिखलात उतरण्यापेक्षा संध्याकाळी रस्ता परत गोठून कडक होईपर्यंत थांबणं पसंत करतो.

एक गोष्ट जीव तोडून सांगतो. काहीही ओढायचं असेल, ट्रेलर असो, हरीण असो, चिखलात अडकलेली दुसरी गाडी असो, दोर खालच्या हिचलाच, म्हणजे ट्रेलर जोडायच्या जागेलाच, बांधा. रॅकला कधीही नाही. रॅक ॲक्सलच्या बराच वर असतो, तिथून मागे ओढ बसली आणि तुम्ही थ्रॉटल दिला की पुढची चाकं हवेत जातात आणि गाडी उलटी होऊन मागे पडते, कॅम्पवरच्या एका माणसाच्या बाबतीत, वेगळ्याच गाडीवर, हे डोळ्यासमोर झालंय, तो बाजूला फेकला गेला म्हणून वाचला. दोर फक्त दीड फूट खाली बांधला असता तर काही झालं नसतं.

मित्राला मागे रॅकवर बसवणं हाही तसाच प्रकार. रँचर एका माणसाची गाडी आहे. ऐंशी किलोचा माणूस ६० किलोच्या रॅकवर बसला की वरचा सगळा हिशोब कोलमडतो, आणि तो वळणावर उलट्या बाजूला झुकला तर गाडी त्याच्याबरोबर जाते.

रायफलबद्दल कोलोरॅडोचा नियम स्पष्ट आहे, एटीव्हीवर ती पूर्ण रिकामी, चेंबर आणि मॅगझिन दोन्ही, आणि पूर्ण बंद केसमध्ये, उघड्या तोंडाची खोळ चालत नाही. हँडलवर आडवी टाकलेली बंदूक स्टिअरिंगला अडते हे वेगळंच. हेल्मेट घाला, आणि रायफलच्या हंगामात अंगावर आणि डोक्यावर भगवा किंवा गुलाबी चमकणारा रंग लागतोच, तो गाडीवरही असू द्या.

टायरची हवा हा छोटा वाटणारा पण मोठा मुद्दा. कारच्या सवयीने पंपावर तीस-पस्तीस भरू नका, एटीव्हीचे टायर अगदी कमी दाबावर, पाचच्या आतबाहेर चालतात, साधा गेज तिथे उपयोगाचा नाही, कमी दाबाचा वेगळा गेज घ्या. ओझं लादलंय आणि हवा कमी असेल तर गाडी वळणावर डुलते, जास्त असेल तर प्रत्येक दगडावर उसळते. स्टिकरवरचा आकडा पाळा आणि पहाटे थंड टायरवर मोजा.

तुलना करायची तर होंडाचीच फोरमन ५२० आहे, तिच्या पुढच्या रॅकवर ९९ पौंड, मागे १८७, म्हणजे ४५ आणि ८५ किलो, ओढायला १३२२ पौंड, साधारण ६०० किलो. जो दरवर्षी एल्कच मारतो आणि ट्रेलर ठेवायला ज्याच्याकडे जागा नाही त्याने सरळ फोरमन घ्यावी, जास्तीचे पैसे वसूल होतात. जो मुख्यतः म्यूल डिअर, म्हणजे एल्कपेक्षा बरंच छोटं हरीण, मारतो, कधीतरी एल्कचा टॅग लागतो, आणि उरलेलं वर्ष फार्मवर, बर्फात कामाला गाडी हवी आहे, त्याला रँचर आणि एक चांगला ट्रेलर हे माझ्या मते सगळ्यात शहाणं मिश्रण आहे. पुढचा रॅक छोटा आहे ही माझी एकच खरी तक्रार, तिथे अजून दहा किलो चालले असते तर दुसरा फरा नसला तरी पाठीचं मांस गेलं असतं.

सेकंडहँड घेणार असाल तर मागच्या रॅकच्या वेल्डिंगला चिरा आहेत का, रॅक एका बाजूला वाकलाय का, हिचचे बोल्ट सैल आहेत का हे खाली वाकून बघा. वाकलेला रॅक म्हणजे आधीच्या मालकाने भरमसाट लादलंय, मग मागचा शॉक आणि चाकांचे बेअरिंगही तपासून घ्या, आणि वजनाचा स्टिकर खरवडून काढलेला असेल तर किंमत कितीही कमी असली तरी मी ती गाडी घेणार नाही.