संस्थेचं घर, म्हाडा, फ्लॅट की स्वतःच्या गुंठ्यात घरकुल? सांगलीत 22 हजारांत काय जमतं

माझा धाकटा भाऊ कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे. हातात 18 हजार येतात, भावजय शिवणकाम करून चार-साडेचार मिळवते, आणि दोन वर्षं झाली भाड्याच्या दोन खोल्यांतून बाहेर पडायचं म्हणून आमची सगळ्यांची शोधाशोध चालूय. त्यात जे कळलं ते लिहून ठेवते, कारण ओळखीतली तीन-चार घरं तरी ह्याच प्रश्नावर अडून बसलीत.

आधी संस्थेचं बघू, कारण "कोणती तरी सेवाभावी संस्था स्वस्तात घर देते" हे ऐकून भाऊ सगळ्यात जास्त त्याच्याच मागं लागला होता. लोकांना वाटतं संस्था म्हणजे फुकट, तर तसं नसतं. ह्यातली सगळ्यात माहितीतली हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी, 1976 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात सुरू झालेली. तिकडे ते कुटुंब निवडताना तीन गोष्टी बघतात, खरंच गरज आहे का, हप्ता फेडायची ऐपत आहे का, आणि स्वतः राबायची तयारी आहे का. राबायचं म्हणजे खरोखर बांधकामावर जाऊन, आपल्या आणि दुसऱ्यांच्याही घरासाठी, तेही शेकड्यांनी तास. मग घर नफा न घेता विकतात, हप्ता साधारण उत्पन्नाच्या 30 टक्क्यांच्या आत बसवतात आणि तुमच्या हप्त्यातून पुढच्या कुटुंबाचं घर उभं राहतं. मला हे फार पटलं, कारण ह्यात कुणी कुणापुढं हात पसरत नाही. भारतात त्यांचं काम 1983 पासून आहे, आणि 2006 मध्ये लोणावळ्याजवळ जिमी कार्टर स्वतः येऊन कामावर उभे राहिले होते, 100 घरांचं काम होतं ते.

पण तिकडची पद्धत आणि सांगलीत आपल्या वाट्याला येणारं ह्यात फरक आहे हे आम्हाला उशिरा कळलं. आपल्याकडे अशा संस्था वर्षभर फॉर्म घेत बसत नाहीत. महापूर आला, वस्ती वाहून गेली, की कंपन्यांच्या सीएसआरच्या, म्हणजे समाजकामासाठी काढून ठेवलेल्या, पैशातून ठराविक गावात, ठराविक यादीतल्या लोकांना घरं बांधून मिळतात. नाहीतर संस्था सरकारी योजनेत मधे उभी राहते. पुण्याच्या शेल्टर असोसिएट्सनं सांगली-मिरजेतल्या झोपडपट्ट्यांचे घरोघर जाऊन सर्व्हे केले, नकाशे काढले, लोकांना विचारून घरांची आखणी केली, पण पैसा केंद्राच्या योजनेचा होता. म्हणजे तुम्ही पूरग्रस्त यादीत असाल किंवा संस्था काम करते त्या वस्तीत राहत असाल तर हा मार्ग सगळ्यात स्वस्त आणि माणसाला मान देणारा आहे, नक्की धरा. पण भाड्यानं राहणाऱ्या पगारदार माणसानं त्याची वाट बघत वर्षं घालवू नयेत. आणि मिळालंच तर दोन गोष्टी लेखी विचारा, जागा कुणाच्या नावावर राहणार आणि घर विकायची वेळ आली तर अट काय. अशा घरात बहुतेक वेळा विक्रीवर बंधन असतं, आणि ते बरोबरच आहे म्हणा, नाहीतर स्वस्तात घेऊन बाजारभावानं विकणाऱ्यांची रांग लागेल.

शेजारच्या सोलापुरात तिसराच प्रकार झाला. कुंभारीला विडी कामगार, यंत्रमाग कामगार, बांधकाम मजूर असे सगळे मिळून रे नगर फेडरेशन झालं, 30 हजार घरांचा प्रकल्प, त्यातली 15 हजार घरं जानेवारी 2024 मध्ये दिली गेली. सरकारचं अनुदान आणि बाकी सभासदांचा हिस्सा. पण त्यामागं वर्षानुवर्षांची संघटना होती, ती आपल्याकडे तयार असेल तरच पुढचं.

आता ते 30 टक्क्यांचं गणित. संस्था मिळो न मिळो, हे आपल्या घरात बसून करा. आमच्याकडं महिना साडेबावीस हजार, त्याचे 30 टक्के म्हणजे 6,750. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी तेवढ्या हप्त्यात कर्ज बसतं साधारण पावणेआठ लाख. आणि फ्लॅटला 15 लाख कर्ज काढलं तर हप्ता 13 हजार, म्हणजे निम्म्याहून जास्त पगार गेला, 20 वर्षांत 31 लाखांच्या वर भरायचे. पंतप्रधान आवास योजना शहरी 2.0 मध्ये व्याजावर जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार सबसिडी आहे, तीही पाच वर्षांत वार्षिक हप्त्यांनी, त्यासाठी घराची किंमत 35 लाखांच्या आत आणि कर्ज 25 लाखांच्या आत लागतं. उपयोग होतो, पण 13 हजाराचा हप्ता त्यानं सात हजार होत नाही. ज्या घरात दोन पक्के पगार आहेत त्यांनी फ्लॅट जरूर बघावा, महारेरा नंबर, म्हणजे बांधकाम प्रकल्पाची सरकारी नोंदणी, तपासून, आणि बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का वाचतो. आमच्यासारख्यांनी नको, एक महिना ओव्हरटाइम बंद झाला की घरात भांडणं सुरू होतात.

म्हाडाचं थोडक्यात सांगते. सांगली, सातारा दोन्ही जिल्हे पुणे मंडळात येतात. आपल्या भागात अत्यल्प उत्पन्न गटाला वार्षिक साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न चालतं, नंबर नाही लागला तर अनामत परत मिळते, लागला तर पाच वर्षं विकता येत नाही. भरायला हरकत नाही, पण लॉटरीच ती, त्यावर बेत आखू नका.

राहिलं स्वतःच्या जागेत घरकुल. जागा असेल तर माझ्या मते ह्याला तोड नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत आणि देशात कुठंच पक्कं घर नावावर नसेल तर शहरी योजनेत अडीच लाख अनुदान मिळतं, दीड केंद्राचं, एक राज्याचं. गवंड्यानं आम्हाला 1,800 रुपये फूट सांगितलाय, 350 फुटांचे 6 लाख 30 हजार. अडीच वजा जाता 3 लाख 80 हजार, दहा वर्षांसाठी हप्ता पावणेपाच हजारांच्या आसपास. बसतंय! पण अनुदान टप्प्याटप्प्यानं येतं, जोता झाला फोटो, लिंटल (दारा-खिडक्यांवरचा पट्टा) झालं फोटो, स्लॅब झाला फोटो, जिओटॅग करून, म्हणजे फोटोत जागेचं ठिकाण नोंदवून. आमच्या गल्लीच्या टोकाला एक घर लिंटलपर्यंत येऊन थांबलंय, पुढचा हप्ता आला नाही म्हणून. कॉलमच्या सळ्या वर निघालेल्या, त्यावर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उलट्या घातल्यात, तरी सळ्या तांबूस पडायला लागल्यात, आणि त्या घरातली माऊली रोज जाताना एकदा थांबून बघते. म्हणून लाख-दीड लाख हाताशी ठेवल्याशिवाय खोदाई करू नका.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट जागेचा कागद. आमच्या वडिलांनी 1996 साली एक गुंठा घेतला, स्टॅम्प पेपरवर, नोटरी करून. आम्ही आयुष्यभर "आपली जागा" म्हणत आलो, अन् अर्ज करायला गेलो तर सातबाऱ्यावर अजून मूळ मालक आणि त्याची चार भावंडं. सांगलीत अशा गुंठेवारीच्या, म्हणजे शेतजमिनीचे गुंठा-गुंठा तुकडे करून विकलेल्या, जागा किती आहेत सांगायला नको. त्या नियमित करायला 2001 चा गुंठेवारीचा कायदा आहे, पुढं 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली, पण नियमित करून घेतल्याचा कागद आणि आपल्या नावाचा उतारा दोन्ही हातात असल्याशिवाय घरकुलाची फाईल पुढं सरकत नाही.

मधे एकदा वैतागून नदीच्या बाजूला स्वस्तातलं जुनं घर बघायला गेलो होतो. नवीन रंग दिलेला, छान वाटलं. भावजयीनं कपाट थोडं सरकवलं तर मागं भिंतीवर छातीइतक्या उंचीवर मातकट रेघ, 2019 च्या महापुराची. त्या ऑगस्टला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं होतं, धोक्याची पातळी 45. निळ्या पूररेषेत, म्हणजे नदीलगतच्या पट्ट्यात, बांधकामाला परवानगीच नाही, त्याबाहेरच्या लाल रेषेपर्यंत अटी आहेत, तेव्हा जागा घ्यायच्या आधी महापालिकेत नकाशावर बोट ठेवून बघा. स्वस्त का आहे ते विकणारा सांगणार नाही.

आमचं सध्या असं चाललंय की सातबाऱ्यावरच्या पाच जणांपैकी चौघं खरेदीखताला तयार झालेत, पाचवे इचलकरंजीला असतात, भाऊ रविवारी त्यांच्याकडे जाऊन येतो. जागेतला माझा हिस्सा सोडायचा, म्हणजे हक्कसोडीचा, मसुदा वकिलांकडं तयार आहे, जागा आई आणि भावाच्या नावावर लागली की घरकुलाचा अर्ज भरणार.